नवीन गैरहजर

मित्रांनो, गंजक्या कपाटात, फुटक्या पृथ्वीगोलाच्या बुडाखाली दबलेला मी एक जुना हजेरीपट. कपाटाची किल्ली हरवली त्याला किती वर्षं झाली, एवढंच माझ्यात नोंदलेलं नाही.

कोंडून राहायची मला सवय आहे म्हणा. छापखान्यातून निघालो तोच चौकटी घेऊन. नावाला एवढीशी पट्टी, तारखांना एकतीस खिडक्या. 'ह' म्हणजे हजर, 'गै' म्हणजे गैरहजर. "एक खाडाखोड दाखवा!" असं म्हणत बाई मला मिरवायच्या. खाडाखोड नसली की चूक नसते, असं माणसांना उगीच वाटतं.

एकदा वर्षाच्या मध्येच एक मुलगी आली. परमुलखातली, वेगळ्या बोलीची. तिचं नाव लांबलचक, पट्टीत मावेना. बाईंनी पेन्सिलीने नुसतं 'नवीन' लिहिलं. "नंतर बघू हं, बाळ." दुसऱ्याच दिवशी बाई पाय मोडून घरी बसल्या आणि बदली सर आले.

सरांची नजर माझ्यावर, बोट ओळीवर. "नवीन!" उत्तर नाही. "कुठे उंडारतोय हा नवीन?" मुलांनाही वाटलं, त्या नावाचा कुणी पोरगा यायचाय. ठोकला 'गै'.

ती मात्र रोज शेवटच्या बाकावर ताठ बसून स्वतःच्या नावाची वाट बघायची. ओठांत 'हजर' तयार ठेवायची. मी मिटलो की तीही मिटायची. मला सगळं दिसत होतं, पण कागदाला तोंड कुठलं?

सलग पंधरा 'गै' पडले की नावावर लाल रेघ, असा नियम. शाळेतून नाव कमी.

शिपाईमामा रोज वर्गातली डोकी मोजायचे. "सर, माझी एकतीस भरतात, तुमची तीस. एक डोकं फुकट येतंय का?"

"मामा, चष्मा बदला."

चौदा 'गै' पडले. पंधराव्या दिवशी सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं. माझ्या पानापानावर काटा आला.

"थांबा, आज हात लावूनच मोजतो!" मामा इरेला पेटले. शेवटच्या बाकाशी थबकले. "एकतीस. आणि हे कुणाचं गं?"

ती उभी राहिली. नाव सांगितलं. सबंध. वर्गाने ते पहिल्यांदाच ऐकलं.

सर एकदा ओळीकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे... ही नवीन?"

"नवीन कसली सर, जुनी झाली की आता," मामा म्हणाले.

सरांनी तिलाच अक्षरं विचारत, दोनदा चुकत नाव लिहिलं. ते पट्टीबाहेर पडून, ती यायच्या आधीच्या रिकाम्या खिडक्यांत घुसलं. चौदा 'गै' खोडले. माझं सगळ्यात घाण पान तेच, आणि मला विचाराल तर सगळ्यात खरं.

मग सरांनी ते नाव पुकारलं. "हजर!" अशी ओरडली, की पुढच्या बाकावरची पेन्सिल गडगडत खाली गेली.

मित्रांनो, मला इथून काढलं नाहीत तरी चालेल. अंधारात ते नाव घोकत मी पडून राहीन. पण तुमच्या वर्गात नवं कुणी आलं, तर पहिल्याच दिवशी सबंध नाव विचारा, जीभ अडखळली तरी. पट्टी माझी अरुंद आहे. तुमची कशाला असावी?