हातानं नासवलेलं दूध

इंदूताईंनी डोळे मिटले आणि उकळत्या दुधात लिंबू पिळलं.

दूध फाटलं. पांढऱ्या गुठळ्या वर आल्या, खाली हिरवट पाणी उरलं. एरवी या घरात दूध नासलं की दोन दिवस चौकशी चालायची. पातेल्याची कल्हई उडाली होती का, विरजणाचा चमचा कुणी बुडवला, एक ना दोन. आणि आज घरच्याच बाईनं भरदुपारी शेरभर दूध आपल्या हातानं नासवलं होतं.

नेमकी तेव्हाच शेजारची मुक्ताबाई मागच्या दारानं आत आली. दूध तिच्याच म्हशीचं. खिरीला हवंय म्हणून इंदूताईंनी सकाळी मागून घेतलं होतं. तिनं पातेल्यात डोकावलं आणि कपाळाला हात लावला.

“अगं बया! नासलं व्हय?”

“नासवलं.” खोटं बोलायचं इंदूताईंच्या मनात होतं, पण जिभेनं ऐकलं नाही.

“हातानं? अवं वैनी, तुमी शिकलेली मान्सं! असं केलं की म्हशीच्या सडाला चिरा पडत्यात. घोडेगावच्या बाजारातनं आनलीय तिला, लई हिंडून.”

“काही पडत नाहीत. आणि पडल्याच, तर मी येऊन लोणी लावीन.”

“पर कशापायी ह्ये?”

“शामसाठी.”

मुक्ताबाईनं कपाळावरचा हात खाली घेतला. शामकांतचं न जेवणं आळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

“मग करा,” ती म्हणाली. “म्हशीला न्हाई सांगत मी.”

इंदूताईंचा मुलगा शामकांत अमेरिकेहून येऊन पाच आठवडे झाले होते. तीन वर्षांपूर्वी गेला तेव्हा पुणतांब्याच्या स्टेशनावर निम्मं गाव हार घेऊन उभं होतं. आला तो मात्र कुणाला न कळवता. ट्रंक अजून उघडली नव्हती. त्याच्या वडिलांनी, यज्ञेश्वर गुरुजींनी, मुलगा डॉक्टरेट मिळवून आला असं शाळेत, देवळात, पोस्टात सांगून टाकलं होतं. त्यांना हे कुणी सांगितलं? कुणीच नाही. त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. शाळेनं रविवारी सत्कार ठरवला, पत्रकं छापली, शामकांतच्या नावाआधी ‘डॉ.’ लागलं, आणि त्या दिवसापासून पोराचं अन्नच तुटलं. दोन घास घ्यायचा आणि हात धुवायला उठायचा. आज शुक्रवार होता.

इंदूताईंच्या मनात मात्र वर्षभरापूर्वीच पाल चुकचुकली होती. गेल्या थंडीत आलेल्या पत्रात त्यानं लिहिलं होतं, की घरमालकीणबाई मॅकरोनी फार छान करते. गव्हाच्या पोकळ नळ्या उकडायच्या आणि चीज घातलेल्या दाट दुधात घोळवायच्या. चीज म्हणजे दूध फाडूनच करतात, आई. खाल्लं की तुझ्या हातच्या मऊ भातासारखं जिवाला बरं वाटतं. इथवर ठीक होतं. पण पुढं लिहिलं होतं, ‘लोण्यावर पीठ भाजलं की दूध गारच घालायचं आणि हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या होतात; आणि चाळीस माणसांचं असलं तर हात भरून येतो.’ इंदूताईंनी ती ओळ दोनदा वाचली होती. घरमालकीणबाई चाळीस माणसांचं कशाला करील? हे खाणाऱ्याचं लिहिणं नव्हतं, रांधणाऱ्याचं होतं.

त्या कुणाला काही बोलल्या नव्हत्या. पण आता त्यानं बोलायला हवं होतं, रविवारच्या आत, स्वतःच्या तोंडानं. एकदा गळ्यात हार पडला की पोरगा पुन्हा कधी बोलणार नाही, याचीच त्यांना धास्ती होती.

वळवटाच्या डब्यात सरगुंडे होते. काडीवर कणकेची दोरी गुंडाळून वाळवलेल्या या पोकळ नळ्या त्यांच्या पाथर्डीकडच्या माहेरची रीत. यापेक्षा मॅकरोनी वेगळी ती काय असणार! त्यांनी सरगुंडे उकडले, नासवलेलं दूध फडक्यातून गाळून, मीठ घालून पाट्यावर लोण्यासारखं वाटलं. लोण्यावर कणीक परतली, गार दूध घातलं, हात थांबवला नाही. सगळं एकत्र केलं, ताटलीत वाढलं आणि हाक मारली.

शामकांत आला, पाटावर बसला. ताटलीकडे बघतच राहिला.

“हे काय आहे?”

“खाऊन बघ.”

त्यानं एक घास घेतला. मग दुसरा. इंदूताई स्टोव्हची वात उगाचच वरखाली करत राहिल्या. चौथ्या घासाला तो थांबला.

“नळ्या फार शिजल्यात, आई.”

“असतील. मी कुठं कधी केलंय?”

“आणि मिरं नाही.” तो उठला. पातेलं पुन्हा स्टोव्हवर ठेवलं, दुधाची धार सोडली, मिरं कुटून घातलं, लोण्याचा गोळा टाकला. पळी अशी फिरत होती, की इंदूताईंना भरून आलं. पातेल्याकडे बघतच तो म्हणाला, “घरमालकीण वगैरे कुणी नव्हती.”

“हं.”

“दुसऱ्या वर्षी नापास झालो. शिष्यवृत्ती गेली. मग एका हॉटेलात हेच करत होतो, दीड वर्ष. तिकिटाचे पैसे साठेपर्यंत.”

“हात भरून येत असेल रे.”

शामकांतनं मान वर केली. आई रडत होती आणि हसतही होती. तो काही विचारणार, तेवढ्यात त्याला दारात अण्णा दिसले. दुपारच्या सुट्टीत जेवायला आलेले गुरुजी, काखेत छत्री, हातात काढलेली टोपी. किती वेळ उभे होते कोण जाणे.

गुरुजींनी छत्री खुंटीला लावली, हातपाय धुतले आणि पाटावर येऊन बसले.

“मला वाढ,” ते म्हणाले. बायकोला नव्हे, मुलाला.

शामकांतनं वाढलं. गुरुजी मान खाली घालून जेवले, सगळं संपवलं, बोटानं ताटली निपटली. इंदूताईंचा जीव टांगणीला लागला होता. ओरडले असते तर परवडलं असतं.

“अण्णा, मी...”

“चपला घाल. हेडमास्तरांकडे जायचंय. पत्रक माझ्या शब्दावर छापलं, तेव्हा तोंड मला दाखवायला हवं. पण तू बरोबर असलास तर बरं.”

दोघं अंगणात उतरले. इंदूताई दाराआड उभ्या राहिल्या. मुक्ताबाई ओट्यावर ज्वारी पाखडत बसली होती, आणि तिच्या कानावर गेलं की संध्याकाळपर्यंत गावभर होतं, हे गुरुजींइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

“भर उन्हाचं कुठं निघाला गुरुजी?”

शामकांतनं पाय उचलला, पण गुरुजी थांबले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तसा आवाज काढून म्हणाले,

“सत्कार नको म्हणून सांगायला, मुक्ताबाई! पोराला पदवी नाही मिळाली. मीच बढाया मारत होतो. स्वयंपाक मात्र झकास करतो.”

मुक्ताबाईचं सूप हातातच राहिलं. तिनं एकदा बापाकडे, एकदा लेकाकडे बघितलं.

“मग चांगलंच हाय की,” ती म्हणाली. “आमच्याकडं बी या एकदा रांधायला.”

शामकांत हसला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. मग बाप पुढं आणि लेक मागं असे निघालेले ते दोघं वळणापर्यंत बरोबरीनं चालायला लागले होते.