आल्टनवेर, नदीच्या वळणावर

शुभंकर गेल्याचा फोन आला तेव्हा रंगराव वाघोलीच्या घरापुढं पाइपनं पाणी मारत होते. फोन ठेवून त्यांनी उरलेलं अंगण भिजवलं, नळ बंद केला आणि मग आत जाऊन सुशीलाबाईंना सांगितलं. जर्मनीत, आल्टनवेर नावाच्या गावात, कारखान्यातून सायकलवर परतताना त्यांचा एकुलता एक मुलगा बर्फावरून घसरला आणि पुलाच्या कठड्यावर आपटला. दहनही तिथंच झालं. ते दोघांनी मोबाइलवर पाहिलं. माणसं आली, रडून गेली. रंगरावांना चहात साखर आहे की नाही तेवढंही कळत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ते कर्वेनगरला पुतणीकडे गेले. रुपाली जर्मन शिकवायची, त्यामुळे तिथल्या लोकांशी बोलणं तिच्याकडेच होतं.

"काका, अस्थींचं काय करायचं ते विचारतायत."

"सांगतो. आधी ते गाव कसं हाय ते सांग."

रुपालीने लॅपटॉप उघडला आणि वाचत वाचत सांगू लागली. गाव नदीच्या वळणात बसलेलं. उत्तरेला टेकडी, तिच्या उन्हाच्या अंगाला द्राक्षं. जुन्या काळी तिथं नदीला उतार होता, पायी पार करता यायची, म्हणून व्यापारी यायचे, जकात भरायचे. मग प्लेग आला, निम्मं गाव गेलं. पुढे कातडी कमावायचे कारखाने आले. महायुद्धात माघार घेताना त्यांच्याच सैन्याने पूल उडवला.

"त्योच पूल?"

"जागा तीच. पूल नंतर बांधला." रुपालीने स्क्रीनवरून वर पाहिलं. "बास करू का?"

"वाच."

"युद्धानंतर पूर्वेकडून निर्वासित आले. गावाबाहेरच्या शेतांत त्यांच्यासाठी घरं बांधली. जुने लोक त्यांना बरीच वर्षं उपरेच म्हणायचे."

"शेतं कुणाची व्हती?"

"ते नाही दिलेलं, काका."

रंगरावांनी मान हलवली. त्यांच्या स्वतःच्या रानात आता चौदा मजली इमारती उभ्या होत्या आणि पार्किंगमध्ये त्यांना रखवालदार हटकत असे. ते रानही त्यांना या क्षणी दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं.

"अस्थी पाठवतील ते," रुपाली म्हणाली, "किंवा टेकडीवरच्या दफनभूमीत पुरतील. त्याच्या कारखान्यातले लोक म्हणतात, इथं ठेवा, आम्ही फुलं ठेवत जाऊ. जागा छान आहे, खाली नदी दिसते."

"कायमची जागा?"

रुपाली घुटमळली. "नाही. वीस वर्षं. मुदत वाढवली नाही तर दुसऱ्याला देतात."

रंगराव उठून खिडकीपाशी गेले. मग त्यांनी सुशीलाबाईंना फोन लावला. "तिथं जागा भाड्याची हाय," एवढंच बोलले.

पलीकडून उत्तर आलं, "मग घरी आणा त्याला."

महिन्याभराने विमानतळावर एक खोकं मिळालं, वर शिक्के मारलेलं. रंगरावांनी ते गाडीत मांडीवर घेतलं. शुभंकर जन्मला तेव्हा असाच घरी आणला होता, असं सुशीलाबाई म्हणाल्या. रंगरावांना आठवेना.

तुळापूरच्या संगमावर गुरुजींनी सांगितलं तसं ते पाण्यात उतरले, अस्थी सोडल्या, हात जोडले. काठावर रुपाली हुंदके देत होती. रंगराव वर येऊन सरळ गाडीत बसले.

"अहो, धोतर तरी पिळा," सुशीलाबाई म्हणाल्या.

त्यांनी खाली पाहिलं. धोतर कमरेपर्यंत भिजलं होतं.