देहारचं खरं वाक्य

दातांच्या दवाखान्यावरच्या खोलीत स्पॅनिश शिकवणाऱ्या बाईंचा एक हट्ट होता: वाक्य खरं हवं. 'माझा घोडा पांढरा आहे' असं कुणी म्हटलं की त्या विचारायच्या, "कुठे बांधलाय? बघू तरी!" वाक्य जमलं की ते फळ्यावर चढायचं आणि खाली आपल्या भाषेत अर्थ. हा मान कुणाचाही चुकायचा नाही.

त्या संध्याकाळी क्रियापद होतं देहार. सोडणं, मागे ठेवणं, एखाद्याला काही करू देणं, सगळं त्या एकट्याच्या गळ्यात. "घरजावयासारखं राबतं हो बिचारं," बाई म्हणाल्या. वर्ग हसला. मागच्या बाकावरचं जोडपं तेवढं हसलं नाही.

नवऱ्याची परदेशी बदली झाली होती, परवाचं विमान होतं. शिकायची ती, तो नुसता सोबत बसायचा. त्याला स्पॅनिश ओ की ठो कळत नव्हतं, तरी बायकोला विचारलं की उत्तर तोच द्यायचा. ती पाणी प्यायला उठली तरी हा मागे. तिचा मोबाइलही याच्याच खिशात वाजायचा. "किती जपतात बाई!" म्हणून बाईंनी थट्टाही केली होती. पोरगी हुशार, पण तोंड उघडेल तर शपथ.

आज तिने आपणहून हात वर केला. बाईंकडे रोखून बघत ती म्हणाली, "नो मे देहे इर कोन एल."

"अगं, काय सुरेख! एक चूक नाही!" बाई हरखल्या. वाक्य फळ्यावर गेलं. सवयीने हात अर्थही लिहू लागला: मला त्याच्याबरोबर जाऊ

खडू थांबला. त्याला न कळणारी एकच भाषा त्या पोरीकडे होती.

"पुढे काय, बाई?" नवऱ्याने हसून विचारलं. मग तिचं दप्तर खांद्याला लावून त्याने तिचा दंड धरला. "चल. झाला तुझा क्लास."

"अहो, थांबा! तिला राहू द्या!" बाई जिन्यापर्यंत धावल्या. खाली गाडीचं दार धाडकन लागलं. नंबर बघायला त्या खिडकीशी आल्या तोवर रस्ता रिकामा होता.

पहिल्या बाकावरचे पेन्शनर काका वहीत मान घालून फळा उतरवत होते. "बाई," ते म्हणाले, "अर्थ अर्धाच राहिला."