लेव्हल कमी आलीय

धाकट्याला मी माझी एक किडनी दिली. भूल उतरल्यावर या गृहस्थाचा पहिला प्रश्न, "ताई, आता मीही तुझ्यासारखी कटकट करणार का गं?" असा आगाऊ! सुतारकामात हात बसलेला, पण तोंडाला लगाम म्हणून नाही.

पुढे त्याच्या रक्तात हिपॅटायटिस सीचा व्हायरस निघाला. डायलिसिसच्या वर्षांत कधीतरी शिरला असावा, असं डॉक्टर म्हणाले. लिव्हर पोखरत होता, तरी किडनीचे डॉक्टर औषध द्यायला कचरत होते.

"पूर्वीच्या इंजेक्शनांनी शरीर बसवलेल्या किडनीवरच उलटायचं," ते म्हणाले. "नव्या गोळ्यांचं तसं नाही. पण लिव्हर सुधारलं, की किडनी टिकवणारं औषधही ते भराभर संपवतं. रक्तात ते औषध कमी पडलं तर शरीर किडनीला परकी समजेल आणि तिच्यावर तुटून पडेल. तेव्हा तपासणी चुकवायची नाही."

नव्या गोळ्या सुरू झाल्या. त्याने एकही तपासणी चुकवली नाही. चुकवतो कसा, मी मानगुटीवर बसले होते ना!

आता या घरात ‘लेव्हल’ म्हणजे व्हायरसची, दुसरी कुठली नाहीच. रिपोर्ट आला की भावजय आतून ओरडायची, "लेव्हल?" आणि हा रंधा बाजूला ठेवून दोन्ही हात वर करायचा, "कमी!" मग दिवसभर सगळे खुशीत.

गोळ्या संपत आल्या होत्या. हा एका घरी दाराची चौकट बसवत होता, तेवढ्यात हॉस्पिटलच्या नर्सबाईंचा फोन आला. "लेव्हल फारच कमी आलीय, लगेच येऊन जा."

"तुमच्या तोंडात साखर पडो!" हा म्हणाला. शेजारी करवत चालू होती. बाई पुढे किडनीच्या औषधाचं नाव सांगत होत्या, ते याला ऐकूच आलं नाही. याने फोन ठेवला आणि मला लावला. "ताई, जिंकलो!" मी भर रस्त्यात रडले, आनंदाने. येऊन जायचं काय, काम उरकल्यावर जाऊ, असं याने ठरवलं. बाईंनी पुन्हा फोन केले, ते याने कामाच्या गडबडीत उचललेच नाहीत.

काही दिवसांतच पाय सुजले. लघवी कमी झाली. भरती केलं, सुयांवर सुया झाल्या, पण उशीर झाला होता. व्हायरस मात्र समूळ गेला होता. डॉक्टरांनी तेही सांगितलं, मान खाली घालून.

आता तो पुन्हा डायलिसिसच्या खाटेवर होता.

"ताई, बोल ना काहीतरी. शिव्या घाल," तो म्हणाला. "तुझी किडनी घालवली मी."

"माझी कुठली रे? दिली तेव्हाच तुझी झाली." शिव्या पुष्कळ येतात मला. त्या दिवशी एकही आठवेना. जीव नुसता तुटत होता.

डॉक्टर आले. भावजयीची किडनी जुळत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फाइल चाळत विचारलं, "घरात देणारं आणखी कुणी आहे?"

"मी आहे ना," मी पटकन म्हणाले.

डॉक्टरांनी फाइल मिटली. धाकट्याने माझा हात घट्ट धरला, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हमसून हमसून रडायला लागला.