सासूबाईंचे ठिपके

मेलबर्नचे टोलहर्स्ट चित्र घ्यायला स्वतः येताहेत, असं ब्रिजेटने सांगितलं तेव्हा हेट्टीने आपला उजवा हात गुपचूप ब्लँकेटखाली सरकवला.

टोलहर्स्ट हे दातांचे निवृत्त डॉक्टर. हेट्टीची चित्रं त्यांच्या बैठकीत होती, जिन्यात होती, न्हाणीघरातसुद्धा होती. चित्रांपायी त्यांची बायको दुसऱ्या घरी राहायला गेली, असं मिरिजारात, हेट्टीच्या वाळवंटातल्या आदिवासी वस्तीत, बोललं जाई. खरं-खोटं कुणी तपासलं नव्हतं, पण ऐकायला बरं वाटत असे.

"ते म्हणतात, शेवटच्या तीन चित्रांतले ठिपके फार सरळ आहेत," ब्रिजेट म्हणाली. ती मिरिजाराच्या चित्रशाळेची व्यवस्थापक. "पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत शेजारी बसून बघायचं म्हणतात. शंका अजिबात नाही, असंही म्हणाले."

"शंका नाही तर एवढ्या लांब धूळ खायला कशाला येतायत?" मेव्हिसने विचारलं. मेव्हिस ही हेट्टीच्या भावाची बायको, आणि तोंडाची फटकळ.

"शंका नाही, याची खात्री करायला."

गेल्या थंडीपासून हेट्टीचा हात थरथरत होता. चित्रातल्या झऱ्यावर ठिपका द्यायला रंगाची काडी उचलावी, तर ती वाळूच्या टेकडीवर जाऊन टेके. म्हणून आता ती चित्राच्या कडेला बसून गाणं म्हणे, कुठे काय येतं ते सांगे, आणि ठिपके तिची मुलगी लिनेट देई. यात मिरिजारात कुणाची भुवई वर जाण्यासारखं काही नव्हतं. चित्रातली रानरताळ्याच्या वेलींची आणि झऱ्याची गोष्ट, तिच्या भूमीसकट, हेट्टीला बापाकडून मिळालेली, आणि लिनेट त्या बापाच्या मुलीची मुलगी म्हणून त्या भूमीची राखणदार. राखणदार शेजारी नसेल, चुकलं तर चुकलं म्हणणार नसेल, तर गोष्टीच्या मालकाने काढलेलं चित्रही धड नव्हे. तिच्या लोकांचा कायदाच तसा होता.

हेट्टीला टोचत होतं ते वेगळंच. चित्र पुरं झालं की ब्रिजेट फोटो काढी: पुढे कॅनव्हास, मागे हातात काडी धरलेली हेट्टी. त्या घटकेपुरतं हेट्टी डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरी आणि चित्र काढत असल्यासारखा चेहरा करी. हे नाटक तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं. कॅनव्हासच्या पाठीवर नाव जाई ते एकट्या हेट्टीचं. लिनेट बाजूला उभी राहून काड्या धूत असे. ब्रिजेटला हे ठाऊक होतं का? जे ठाऊक नसलेलं बरं, ते ठाऊक करून न घेण्याची चांगली सवय ब्रिजेटला होती.

आता तो डॉक्टर भिंग घेऊन शेजारी बसणार होता. दोन रात्री हेट्टीला झोप लागली नाही. लोक लबाड म्हणतील, आणि म्हणताना चुकणारही नाहीत, हे तिला फार लागलं होतं.

टोलहर्स्ट आले त्या दिवशी दुपारी मेव्हिस धापा टाकत व्हरांड्यात आली.

"वन्सं, उठा! तोंड झाका! तुमचा जावई येतोय!"

"लिनेटचा नवरा? इकडे? शुद्धीवर आहे ना?"

"सेसिल नाही हो, नवा जावई! दाताचा डॉक्टर! वाळूत गाडी रुतली होती, सेसिलने ओढून काढली आणि तिथल्या तिथे म्हणाला, आजपासून तू माझा भाऊ, माझ्याच घरातला, तूही जापालजारी. तो म्हातारा रडला म्हणे आनंदाने. सगळ्यांना मिठ्या मारत सुटलाय. दुकानातल्या कुत्र्यालासुद्धा मारली."

मिरिजारात माणसं आठ घरांत वाटलेली आहेत. घर कळलं की कोण मामा, कोण आत्या, कुणाची थट्टा करायची आणि कुणापुढे तोंड लपवायचं, ते न विचारता कळतं. सेसिल हा लिनेटचा नवरा. सेसिलचा भाऊ तोही हेट्टीचा जावईच, आणि सासू-जावयांनी एकमेकांना बघायचं नाही, बोलायचं नाही, नावसुद्धा घ्यायचं नाही. लग्न झाल्यापासून सेसिल हेट्टीसमोर कधी उभा राहिला नव्हता. ती दुकानात शिरली की तो दुसऱ्या दाराने निघून जाई. दुकानाला दार एकच असल्यामुळे बहुतेक वेळा तो मांसाच्या फ्रीजरमागे उभा राही. एवढा मान मिरिजारात दुसऱ्या कुठल्याही सासूला मिळत नव्हता.

व्हरांड्याला ताबडतोब निळी ताडपत्री बांधण्यात आली. आत हेट्टी, लिनेट, मेव्हिस आणि कॅनव्हास. बाहेर घडीच्या स्टुलावर पाठमोरे टोलहर्स्ट, आणि त्यांच्या बाजूला तितकाच पाठमोरा सेसिल. ब्रिजेट दोन्हीकडे ये-जा करत होती आणि सगळं पुन्हा पुन्हा समजावून सांगत होती.

"म्हणजे मला बघता येणार नाही?" बाहेरून बारीक आवाज आला. "पण मी बघायलाच आलोय! दुसरं एखादं घर नाही का घेता येणार?"

"दाढ काढता येते, डॉक्टर," मेव्हिस आतून ओरडली. "जावईपण उपटता येत नाही!"

बायका खो खो हसल्या. हेट्टीही हसली. संध्याकाळपर्यंत ते हसू पुरलं.

मग तिच्या लक्षात आलं, की सेसिल काही कुणालाही भाऊ म्हणणारा माणूस नव्हे. किती पाहुण्यांच्या गाड्या त्याने वाळूतून ओढल्या होत्या, कुणाला साधं काका म्हटलं नव्हतं. हाताचं त्याला बायकोकडून कळलेलं असणार. सासूशी बोलता येत नाही, तिला दिलासा देता येत नाही. मग त्याला जी एकच भिंत बांधता येत होती, ती त्याने बांधली होती. हेट्टीचं मन भरून आलं, आणि लगेच ते खाली बसलं. गिऱ्हाईक वाऱ्यासारखं येतं, वाऱ्यासारखं जातं. त्याला फसवलं तर फार तर लबाडी. पण आता तो माणूस नात्यातला झाला होता, आणि नात्यातल्या माणसाला ताडपत्रीपलीकडे बसवून ती आपला हात लपवत होती. बापाने शिकवलेला कायदा मानासाठी होता. तिने त्याचं फडकं करून हातावर टाकलं होतं.

चित्र तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी लिनेट झऱ्याभोवतीचं शेवटचं वर्तुळ भरत होती. तिचे ठिपके सरळ, टपोरे, एकाला एक न चिकटणारे. हेट्टीने गाणं मध्येच थांबवलं.

"लिनेट, तुझ्या नवऱ्याने हे माझ्यासाठी केलं ना?"

"मग काय माझ्यासाठी? तुझी लाज झाकायला अख्खी ताडपत्री बांधली सगळ्यांनी." लिनेटने मान वर केली नाही. "माझं नाव किती दिवस झाकलंय, ते कुणी विचारत नाही."

मेव्हिस उगाच रंगाच्या डब्या सरळ करायला लागली.

"तू कधी बोलली नाहीस," हेट्टी म्हणाली.

"आईला काय बोलणार? फोटोत इतकी रुबाबात बसायचीस."

हेट्टीने चित्रातल्या झऱ्याकडे बघितलं. मग तिने ब्रिजेटला आत बोलावलं. "मागे दोन नावं लिही. माझं आणि लिनेटचं."

"हेट्टी," ब्रिजेट कुजबुजली, "दुसरं नाव आलं की ते चित्र घेणार नाहीत. शिवाय त्यांच्या घरी ती तीन आहेत, त्यांचं काय?"

"ती पाठवून दे म्हणावं. त्यांच्यावरही लिहू."

"मग तुझं पुढचं प्रदर्शन—"

"लिही, बाई. माझा हात हलतो, तुझा तर हलत नाही ना?" आणि तिने ब्लँकेटमधून हात बाहेर काढून ब्रिजेटसमोर धरला. तो चांगलाच हलत होता.

ब्रिजेटने लिहिलं. चित्र बाहेर गेलं.

ताडपत्रीमागे आधी आनंदाचे उद्गार ऐकू आले. मग कॅनव्हास उलटल्याचा आवाज. स्टूल करकरलं. ब्रिजेट तिकडे हळू आवाजात काहीतरी सांगत होती: हात, थंडी, मुलगी, राखणदार.

"हेट्टी!"

हाक इतकी मोठी होती की मेव्हिसच्या हातातली काडी पडली. टोलहर्स्ट ताडपत्रीला तोंड लावून बोलत होते. नाव घेऊन.

"हेट्टी, हे खरं आहे? तुम्ही स्वतः मला सांगा! फक्त हो की नाही!"

हेट्टीने ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं. लिनेटने मान खाली घातली. मेव्हिससारखी बाई, तीही भिंतीकडे तोंड करून बसली. हो म्हणायचं होतं तिला. तीन दिवस नव्हे, थंडीपासून म्हणायचं होतं. तो एक शब्द तिच्या ओठांवर होता आणि या माणसाला सोडून जगात कुणालाही तो तिला सांगता आला असता.

"त्यांनी सांगितलं," बाहेरून सेसिलचा आवाज आला. हेट्टीने तो इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. "मागे लिहिलंय. आता इथून चल, भाऊ. तू आम्हाला फार लाजवलंस."

"मी फक्त विचारलं—"

"तेच म्हणतोय मी."

बऱ्याच वेळाने गाडी सुरू झाली. आवाज वाळूच्या टेकड्यांमागे विरून गेला.

"गेला?" हेट्टीने ब्लँकेटच्या आतून विचारलं.

"गेला," मेव्हिस ताडपत्रीच्या फटीतून बघत म्हणाली. "चित्र ठेवून गेला, वन्सं. स्टुलावर. भिंग विसरला वाटतं, नाही, नेलं."

"आणि माझा जावई?"

"बसलाय. पाठ करून. मान अशी घातलीय की बघवत नाही. भावाची चूक आता याच्या डोक्यावर."

ब्रिजेट आत आली. मेलबर्नच्या प्रदर्शनाबद्दल ती काही बोलली नाही, पण गुंडाळलेलं चित्र तिने सोडून पुन्हा एकदा गुंडाळलं. हेट्टीला समजलं. यापुढे फोटोत तिची खुर्ची नसेल, आणि लिनेटच्या एकटीच्या नावाला कोण विचारतंय, ते पुढचं पुढे.

"आई, त्याला काही सांगू?" लिनेटने विचारलं.

हेट्टी विचारात पडली. वाईट वाटून घेऊ नको, असं सांगावं? मग कशाचं वाईट, ते आलं. उपकार झाले म्हणावं? मग उपकाराचं नाव घ्यावं लागेल. नात्याचा कायदा असा चोख की माणसाला आभारसुद्धा मानता येऊ नयेत.

"काही सांगू नको," ती म्हणाली. "चहा दे त्याला."

किटली तिने स्वतःच उचलली, उजव्या हाताने. लिनेट पुढे झाली आणि थांबली. निम्मा चहा जमिनीवर सांडला, थोडा हेट्टीच्या पायावर. चहाचा पत्र्याचा डबा निम्माच भरला.

"पुन्हा भरू?" मेव्हिसने विचारलं.

"राहू दे. असाच ने. कुणाच्या हाताने ओतलाय, ते कळेल त्याला."

लिनेट तो निम्मा भरलेला, बाहेरून ओघळ आलेला डबा घेऊन ताडपत्रीपलीकडे गेली. हेट्टी ऐकत राहिली. मग डबा रिकामा करून वाळूत ठेवल्याचा आवाज आला, आणि लिनेट ताडपत्रीच्या गाठी सोडायला लागली तेव्हा जावयाची पावलं दूर निघून गेली.