भिंतीचा उजवा अर्धा

नात सहावीत नाटकाच्या वर्गाला जायला लागली, तेव्हा आजीने शिलाई मशीन थांबवून विचारलं, "काय शिकवतात गं तिथे?"

"श्वास घ्यायला."

"अस्सं! मग अकरा वर्षं काय घेत होतीस?"

पण नाव घातलं ते घातलंच. पहिल्या वर्षी नात झाड झाली. आजीने गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून हिरवा झगा शिवला आणि नातीने तासभर हात वर करून उभं राहण्याची कला दाखवली. पुढच्या वर्षी बढती मिळाली. ती भिंतीचा उजवा अर्धा भाग झाली. डावा अर्धा जास्त अवघड असतो म्हणे, तो सरांच्या भाचीला दिला होता.

आता आठवी संपत आली होती. नववीपासून मोठ्यांचा वर्ग. त्यात बाराच मुली घेणार, त्याही परीक्षा घेऊन. उरलेल्यांनी त्या तासाला कागदाची फुलं करायची. एरवी जिच्या तोंडून शब्द फुटत नसे, ती ही पोर त्या बाराजणींत येण्यासाठी तहानभूक विसरली. परीक्षेला राणीचं भाषण होतं. राजाने हाकलून दिलेली राणी भर दरबारात त्याला चार शब्द सुनावते.

"चार शब्द सुनावायचे त्याला सरांची काय गरज?" आजी म्हणाली. "बस इथे. मी शिकवते."

आजीची शाळा तिसरीतच सुटली होती, पण नातीने कागद एकदा वाचून दाखवला की आजीला पाठ. मग दोन महिने रोज संध्याकाळी दुकानात दरबार भरला. ओठांत सात टाचण्या धरून, गिऱ्हाइकाच्या झग्याची किनार दुमडता दुमडता आजी राणी व्हायची. मान कशी, भुवई कशी, राजाकडे बघायचं कसं, सगळं नात उचलायची. राजाकडे बघायची नजर तर अस्सल होती. तिच्यापुढे आजोबा चाळीस वर्षं गप्प बसले होते.

परीक्षेच्या दिवशी पालकांना मागच्या बाकांवर बसवलं आणि बजावलं, मध्ये बोलायचं नाही. आजीने हे दुसऱ्यांसाठी आहे असं समजून मान हलवली.

आधी सरांची भाची आली. इतकी रडली की राजा समोर असता तर वाहून गेला असता. मग नात उभी राहिली. मान बरोबर, भुवई बरोबर. पण शब्द? ओठ घट्ट मिटलेले आणि आवाज डाव्या कोपऱ्यातून कसाबसा बाहेर.

"मोठ्याने!" सर म्हणाले.

पुन्हा तेच.

"तोंड उघड, तोंड!"

दोघीतिघी फिदीफिदी हसल्या. नातीचे डोळे भरले. सरांनी यादीवर काट मारायला पेन्सिल उचलली.

आजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सरांना खडसावायला ती उठलीच होती, तेवढ्यात तिचं लक्ष नातीच्या तोंडाकडे गेलं. ते आजीचं स्वतःचंच तोंड होतं! सात टाचण्या धरलेलं, हुबेहूब. आजीच्या हातून आयुष्यात पहिली चूक झाली होती, आणि तीही इतकी नेटकी.

"अगं, टाचण्या काढ की आधी!"

"आजी, पालकांनी मध्ये—"

"थांबा हो मास्तर, काम चाललंय."

नातीने डोळे पुसले. मग तिने हात ओठांपाशी नेला आणि नसलेली एकेक टाचणी काढून आपल्या कॉलरला टोचली. गिऱ्हाईक वेड्यासारखं बोललं की त्याला सुनावण्याआधी आजी टोचते, अगदी तशी. एक, दोन... सात. हसणाऱ्याही मोजू लागल्या.

"महाराज, मी जाते. तुम्ही हाकललं म्हणून नाही. तुमचा कंटाळा आला म्हणून!"

मागच्या भिंतीपर्यंत आवाज गेला. शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं. ते आजोबांसाठीचं होतं, शिकवताना चुकून आत गेलेलं.

सर उभेच राहिले. "काय तो ठहराव! ओठांतला एकेक काटा उपटून मग बोलणारी राणी! आजी, ही कुठल्या पद्धतीची अभिनयशैली?"

"लेडीज टेलरिंगची," आजी म्हणाली. "आता लिहा नाव. माझ्यासमोर लिहा."

त्यांनी लिहिलं. नात धावत आली आणि आजीला बिलगली. तिला धाप लागली होती.

"श्वास घे गं," आजी म्हणाली. "त्याचीच तर तीन वर्षं शिकवणी होती."