दाराची तपकिरी वायर

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी वायर आहे. गाडीचं दार उघडलं की बिजागरीपाशी घड्याघड्यांची रबरी नळी दिसते ना, तिच्यात आम्ही सात जणी राहायचो. कुणी काच वरखाली करायची, कुणी कुलूप लावायची. माझं काम एवढंसंच. दार नीट लागलं नसेल, तर ड्रायव्हरसमोरचा लाल दिवा लावायचा.

गाडी शाळेची. चालवायचे काका, मागे मुलांजवळ बसायच्या मावशी. "काका, दार बघा, दार बघा!" असा त्यांचा धोशा चालायचा. काका हसायचे. "तुमच्यापेक्षा हा दिवा बरा, एकदाच सांगतो." तेवढं कौतुक मला पुरायचं.

पण दार उघडलं-मिटलं की मला वाकावं लागे. नवव्या वर्षी माझं आवरण फाटलं आणि आतली तार पत्र्याला टेकू लागली. मग दार बंद असतानाही दिवा पेटायचा. काका वैतागले.

गॅरेजातला मिस्त्री म्हणाला, "सगळा जुडगा बदलावा लागेल. दिवसभर गाडी ठेवा."

"दिवसभर? आणि पोरं काय उडत जातील? ती एक तोडून टाक."

रोगापेक्षा औषध भयंकर! पक्कड आली, मी तुटले, टोकांना काळी टेप लागली. त्यानंतर मला काही वाटेनासंच झालं. दार हलायचं, मी नुसती वाकायचे.

एका सकाळी घाईत दार अर्धवट लागलं. मला ते कळलं, पण सांगणार कशी? वळणावर दार धाडकन उघडलं. दाराशी बसलेली सगळ्यात धाकटी मुलगी बाहेर झुकली. मावशींनी तिच्या दप्तराचा पट्टा घट्ट धरला, म्हणून वाचली. बूट तेवढा रस्त्यावर पडला. मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

काकांनी बूट उचलून आणला, पण त्यांना त्याची नाडी काही बांधता येईना.

शाळा सुटल्यावर मुलांना घरी सोडून ते तडक गॅरेजात आले. "दिवा का नाही लागला रे?"

मिस्त्री हळूच म्हणाला, "काका, तुम्हीच तोडायला सांगितली होती."

काका खाली बसले. म्हणाले, "दिवसभर ठेव गाडी. दोन दिवस ठेव."

आता मी गॅरेजातल्या डब्यात पडून आहे. मित्रांनो, माझी काळजी घ्यायची वेळ गेली. पण कुणी उगाच ओरडतंय असं वाटलं, तर त्याला गप्प करण्याआधी कुठे दुखतंय एवढं विचारा. मला कुणी विचारलं नव्हतं.